सशाचे डोळे ‘आले’ म्हणून थेंब घालण्याआधी

चिकूच्या उजव्या डोळ्याखालची लव ओली दिसली तेव्हा आमच्या घरात एकमताने निदान झालं: डोळे आलेत. जुलै महिना, सोसायटीतल्या निम्म्या पोरांचे डोळे आलेले, मग सशाचेही आले असणार. मुलासाठी आणलेली थेंबांची बाटली फ्रिजमध्ये होतीच. तीन दिवसांत डोळा सुकला, आठवड्याने पुन्हा वाहू लागला. मग जवळच्या दवाखान्यात गेलो, तिथे दुसरे थेंब मिळाले. पुन्हा सुकला, पुन्हा वाहिला. अडीच महिने असेच गेले. तिसऱ्या डॉक्टरांनी डोळ्याकडे जेमतेम बघितलं आणि विचारलं, “गवत किती खातो?” मी म्हटलं, “गवत फारसं नाही, पोळी आवडते त्याला.” त्यांनी डोक्याचा एक्स-रे काढला. वरच्या पटाशीच्या दाताचं मूळ मागे वाढत जाऊन अश्रूंच्या नळीवर दाबत होतं. डोळा ठणठणीत होता.

मी पशुवैद्य नाही. पण तेव्हापासून आमच्या ओळखीत कुणाच्या सशाचा डोळा बिघडला की फोन मला येतो आणि मी तेच ते सांगत बसते. ते सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. औषधांची नावं येतील ती डॉक्टरांचं बोलणं कळावं म्हणून. दुकानातून आणून घालण्यासाठी नाही.

घरात आधीपासून असावं असं सामान:

- केमिस्टकडे मिळणारं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाइन, छोटी बाटली
- निर्जंतुक गॉजचे तुकडे (कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात राहतात)
- मोबाइलपेक्षा मंद उजेडाची छोटी बॅटरी
- स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा, त्यावर ठेवायला टोपली
- सुई नसलेल्या १ आणि ५ मिलीच्या सिरिंजा
- जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल
- वही

१. निरोगी डोळा कसा दिसतो ते आधी बघून ठेवा

आजारी डोळा ओळखायचा तर बरा डोळा पाठ हवा. ससा मजेत असताना दोन्ही डोळ्यांचे जवळून फोटो काढून ठेवा. मी ते केलं नव्हतं, म्हणून “हे आधीपासून असंच होतं का?” या डॉक्टरांच्या प्रश्नावर मी आणि नवरा एकमेकांकडे बघत बसलो.

पांढऱ्याशुभ्र सशाचे लाल डोळे हा आजार नव्हे. रंगद्रव्य नसल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग दिसतो, एवढंच. असे ससे लांबचं नीट दिसावं म्हणून कधी कधी डोकं डावी-उजवीकडे डोलवतात, तेही चालायचंच. ससा पापणी फार क्वचित मिटतो, तासाला जेमतेम दहा-बारा वेळा. त्यामुळे टक लावून बघतोय म्हणून घाबरू नका. नाकाकडच्या कोपऱ्यात कधी फिकट पडदा सरकताना दिसतो, ती तिसरी पापणी. आणि त्याला मागचं, वरचं, बाजूचं सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. बोट तोंडापुढे नेलं आणि दचकला, तर तो आंधळा झालाय असं समजू नका.

आता ज्या गोष्टीपायी माझे अडीच महिने गेले ती. आपल्या डोळ्यातून अश्रू नाकात उतरायला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही पापण्यांत भोकं असतात. सशाला प्रत्येक डोळ्यात एकच, खालच्या पापणीत. तिथून निघणारी नळी बारीक, तिला दोन ठिकाणी तीव्र वळणं, आणि वाटेत ती वरच्या दाढांच्या आणि पटाशीच्या दातांच्या मुळांना चिकटून जाते. सशाचे सगळे दात आयुष्यभर वाढतात. पटाशीचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. गवत चघळून ते झिजले नाहीत तर वरही वाढतात आणि मुळाकडेही. मूळ नळीवर दाबलं की नळी तुंबते, तुंबली की अश्रू आणि पू उलटा डोळ्यातून बाहेर येतो. मोरी तुंबल्यावर वरून फिनाइल ओतून काय होणार? आम्ही तेच करत होतो.

२. घरची तपासणी: डोळा सगळ्यात शेवटी

ससा हा दुसऱ्याच्या तोंडी जाणारा प्राणी. दुखणं लपवणं हा त्याचा जन्मजात स्वभाव. म्हणून डोळ्यात डोकावण्याआधी बाकीचं बघा, आणि लेंड्या-खाणं बघताना तर त्याला हातही लावू नका.

पहिल्यांदा लेंड्या. नेहमीएवढ्या आहेत का, मटाराच्या लहान दाण्यासारख्या गोल आणि कोरड्या आहेत का, की बारीक, वाकड्या, कमी झाल्यात? मग खाणं. गवत सोडून फक्त मऊ पाला खात असेल, घास तोंडात घेऊन टाकत असेल, हनुवटी लाळेने ओली असेल तर दातांचा संशय घ्या. त्यानंतर पुढच्या पंजांची आतली बाजू. ससा नाक पुसतो ते पंजांनी. तिथली लव चिकटून गुठळ्या झाल्या असतील तर नाकही वाहतंय, मग ते तुम्हाला दिसलेलं असो वा नसो. वजन वहीत लिहा. हळूच बोटांनी खालच्या जबड्याच्या कडा चाचपा. खडबडीत उंचवटे लागले, किंवा एका बाजूला लागले आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर तेही लिहा.

आता डोळा. बॅटरी थेट न मारता बाजूने धरा.

- पाणी स्वच्छ आहे, दुधासारखं आहे की पिवळट घट्ट?
- एका डोळ्याला की दोन्ही? एकच असेल तर काडी-कचरा, जखम किंवा नळी-दात. दोन्ही असतील तर धूळ, लघवीचा वास किंवा संसर्ग. हा कच्चा अंदाज, पण बऱ्याचदा कामाला येतो.
- डोळा उघडा आहे की मिटून धरलाय? मिटून धरलेला डोळा म्हणजे दुखणारा डोळा.
- बुबुळावरची काच लखलखीत आहे की निळसर, धुरकट? आपल्याकडे म्हणतात तसं ‘फूल पडलंय’ का?
- बुबुळाच्या आत, रंगीत भागात, पांढरा मोत्यासारखा ठिपका आहे का?
- समोरून नको, वरून बघा: एक डोळा दुसऱ्यापेक्षा बाहेर आलाय का?

खालच्या पापणीच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने अगदी हलकेच दाबल्यावर दुधासारखा थेंब वर येत असेल तर नळीत पू साठलाय, असं जवळपास धरून चालायला हरकत नाही. ससा तडफडला तर लगेच सोडून द्या.

३. किती घाई करायची?

त्याच दिवशी, रात्र असली तरी: डोळा घट्ट मिटलेला, बुबुळ धुरकट किंवा पांढरं, डोळा बाहेर आलेला, रक्त, मान एका बाजूला वाकडी किंवा बुबुळं आपोआप हलणारी. आणि डोळा कसाही असो, १२ तास काही खाल्लं नसेल किंवा लेंड्या बंद झाल्या असतील तर. दुखण्याने ससा खायचं थांबतो, खाणं थांबलं की आतडं थांबतं, आणि ससा आतड्याने जातो, डोळ्याने नाही. ही गोष्ट कुत्रा-मांजर पाळलेल्या लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर राहिला. सशाचं तसं नाही.

एक-दोन दिवसांत: दुधासारखं किंवा पिवळं पाणी, पापणी सुजलेली, डोळ्याखालची लव गळून कातडी लाल झालेली.

फक्त स्वच्छ पाणी, बाकी खाणं-उड्या नेहमीसारख्या, तर सलाइनने पुसून एक दिवस वाट बघायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही वाहत असेल तर फोन करा.

४. दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय करायचं

गॉज सलाइनमध्ये भिजवा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, तुकडा फेका, नवा घ्या. चिकटलेली चिपडं ओढू नका. ओला गॉज मिनिटभर नुसता धरून ठेवा, सुटतात. डोळ्याखालची कातडी कोरडी करा. एवढंच.

गुलाबपाणी नको. तुरटीचं पाणी नको, मध नको, एरंडेल नको, त्रिफळ्याचा काढा नको. आमच्या सासूबाईंनी काजळाचं बोट पुढे केलं होतं, ते मी वेळेवर अडवलं.

आणि आता सगळ्यात मोठा खड्डा: घरातले उरलेले थेंब. माणसांच्या डोळ्यांचे कितीतरी थेंब हे अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांचं मिश्रण असतात. बुबुळावर ओरखडा असेल तर स्टेरॉइडमुळे तो भरत नाही, उलट खोल जातो; काही दिवसांत भोक पडण्यापर्यंत मजल जाते. त्यात ससा स्टेरॉइडच्या बाबतीत फार नाजूक, डोळ्यातून गेलेलंही त्याच्या अंगाला बाधू शकतं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं काही दिसलं की बाटली परत कपाटात. मुलाची ती बाटली मी नंतर वाचली. तिच्यावरचं दुसरं नाव या यादीतलंच होतं. चिकूच्या बुबुळावर ओरखडा नव्हता हे आमचं नशीब, आणि तीन दिवसांत डोळा ‘बरा’ का वाटला तेही तेव्हा कळलं: सूज दबली होती, दात तिथेच होता.

५. डॉक्टर शोधणं

आपल्याकडे बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे. सशाचं शरीर वेगळं, औषधं वेगळी. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत सशाच्या डोळ्याइतका तपासला गेलेला डोळा क्वचितच दुसरा असेल. अमेरिकेत १९४४ साली जॉन ड्रेझ यांच्या नावाची चाचणी आली आणि पुढची कित्येक दशकं शाम्पू-क्रीम सशाच्या डोळ्यात घालून पाहिली गेली. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांवर बंदी आली ती २०१४ मध्ये. आणि घरातल्या सशाला डॉक्टर दाखवायचा म्हटलं तर दहा फोन करावे लागतात.

ते फोन आजार व्हायच्या आधीच करा. विचारायचं असं:

- तुम्ही ससे नियमित बघता का? महिन्याला साधारण किती?
- डोळ्यात रंग घालून तपासणी करता का? अश्रूंची नळी धुता का?
- सशाला भूल देता का? भूल देण्याआधी किती वेळ उपाशी ठेवायचं?

शेवटचा प्रश्न म्हणजे परीक्षा आहे. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं कारण नाही आणि ठेवलं तर आतडं बंद पडण्याचा धोका. “रात्री आठनंतर काही देऊ नका” असं उत्तर आलं की धन्यवाद म्हणून फोन ठेवा.

जवळपास कुणी नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेले दवाखाने आहेत: मुंबईत परळ, नागपूर, साताऱ्याकडे शिरवळ, परभणी, उदगीर. तिथे शस्त्रक्रिया विभाग आणि एक्स-रे एका जागी मिळण्याची शक्यता जास्त. मात्र सशाचे रुग्ण कोणत्या दिवशी, कोण बघतं, हे आधी फोनवर विचारूनच निघा.

६. नेताना

बाजूने उघडणारी जाळीची पेटी, खाली टॉवेल, भरपूर गवत, आणि जोडीदार ससा असेल तर तोही बरोबर. दोघं असली की निम्मी भीती कमी. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर निघा. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. कानाला धरून उचलणं तर कधीच नको, आणि उचलताना मागचे पाय तळव्यावर टेकलेले हवेत. हवेत लाथ मारली तर सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

बरोबर न्यायचे कागद आणि वस्तू:

- वजनाची वही
- आधीच्या चिठ्ठ्या, एक्स-रे असतील तर ते
- आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्यासुद्धा
- डोळ्याचे तारखेनुसार फोटो
- एका पिशवीत सकाळच्या लेंड्या
- काय खातो ते खरं खरं. बिस्किट देत असाल तर बिस्किट म्हणा

७. टेबलावर काय काय व्हायला हवं

सशाचा डोळा दाखवायला गेलात आणि तोंडात न बघता थेंबांची चिठ्ठी मिळाली, तर तपासणी अर्धीच झाली. नम्रपणे विचारा.

पहिली, रंगाची चाचणी. फ्लुओरेसीन नावाच्या नारिंगी कागदाची पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, निळ्या उजेडात बघतात. बुबुळावर ओरखडा किंवा व्रण असेल तर तेवढाच भाग झगझगीत हिरवा दिसतो. थेंबांत स्टेरॉइड असावं की नसावं हे या चाचणीआधी ठरवताच येत नाही. त्याच रंगाचा दुसरा उपयोगही आहे: नळी मोकळी असेल तर थोड्या वेळात तोच हिरवा रंग त्या बाजूच्या नाकपुडीत उतरतो. चिकूच्या डाव्या नाकपुडीला हिरवं बोट लावल्यासारखं झालं, उजवी कोरडी. तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

दुसरी, नळी धुणं. डोळा बधिर करणारा थेंब घालतात, सुई काढलेल्या बारीक सलाइनच्या नळीचं टोक खालच्या पापणीतल्या भोकात सरकवतात आणि हळू हळू सलाइन सोडतात. आधी दाब लागतो, मग एकदम नाकातून पांढरी गुठळी बाहेर येते. बघायला ओंगळ, पण ससा त्याच संध्याकाळी निवांत दिसतो. बधिर करणारे ते थेंब घरी मागू नका. रोज घातले तर बुबुळ भरून येत नाही.

तिसरं, दात. पटाशीचे दात ओठ वर केला की दिसतात, दाढांसाठी उपकरण लागतं, आणि मुळं फक्त एक्स-रेत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसतात. तोंड उघडून “दात छान आहेत” म्हटलं तर ते दिसणाऱ्या अर्ध्या दाताबद्दल.

याशिवाय डोळ्यातला दाब मोजतात, पुवाचा नमुना तपासायला पाठवतात. अश्रू मोजायची कागदी पट्टी लावली तर आकडा कमी आला म्हणून दचकू नका, सशाला कुत्र्यापेक्षा अश्रू मुळातच कमी.

८. निदान कळलं, पुढे काय

*नळी तुंबून पू होणे.* सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात चिवट. नळी धुणं, अँटिबायोटिक थेंब, दुखणं कमी करणारं औषध (बहुधा मेलॉक्सिकॅम), आणि कारण दातात असेल तर दाताचा इलाज. एकदा धुऊन बरं झालं तर नशीब. बऱ्याच सशांना पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, काहींची नळी कायमची बंद होते. मग उरतं ते रोजचं पुसणं. पटाशीचे दात फारच बिघडले असतील तर काढून टाकतात. ऐकायला भयंकर, पण ससा त्यांच्याशिवाय छान जगतो. पाला बारीक चिरून द्यायचा, गवत तो दाढांनी खातो. घरी नेलकटरने दात कापणं मात्र अजिबात नको, दात उभा चिरतो आणि मुळाला इजा होते.

*बुबुळावरचा व्रण.* गवताची काडी, दुसऱ्या सशाचं नख, अर्धवट मिटणारी पापणी. लवकर सापडला तर अँटिबायोटिक थेंब आणि दुखण्याचं औषध यांवर साधारण आठवड्याभरात भरतो. हिरवा रंग पुन्हा घालून भरल्याची खात्री करूनच थेंब बंद करायचे. आठवड्यात हलला नाही तर कडेचा सैल थर काढावा लागतो. बाहुली मोठी करायला ॲट्रोपिन देतात, पण पुष्कळ सशांच्या रक्तातलं एक द्रव्य त्या ॲट्रोपिनलाच मोडून टाकतं, म्हणून परिणाम कमी दिसला तर डॉक्टरांना सांगा.

*खरोखरच डोळे येणे.* होतं, पण वाटतं त्यापेक्षा कमी वेळा एकटं येतं. पिंजऱ्यातल्या लघवीचा अमोनिया, लाकडाचा भुसा, धुळकट गवत, किंवा नाकाच्या संसर्गातले पाश्चुरेला जंतू. कारण तसंच ठेवून थेंब घातले तर थेंब संपले की डोळे परत.

*बुबुळाच्या आत पांढरा गोळा.* तरुण सशाच्या एका डोळ्यात असं दिसलं तर एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली या अतिसूक्ष्म परजीवीचा विचार करतात. पिल्लू पोटात असताना तो आईकडून डोळ्याच्या भिंगात जाऊन बसतो, पुढे कधीतरी भिंग फुटतं आणि आत सूज येते. मान वाकडी होण्यामागेही बऱ्याचदा हाच असतो. परजीवीवरचं औषध फेनबेंडाझोल साधारण २८ दिवस, सूज उतरवायची औषधं, आणि नेत्रशल्यतज्ज्ञ मिळालेच तर भिंग काढणं. रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे कधीतरी संपर्क आला एवढंच सिद्ध होतं, आजार त्यामुळेच आहे असं नाही. हा परजीवी लघवीतून पसरतो. घरात केमोथेरपी घेणारं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर पिंजरा दुसऱ्याने साफ करावा, हात धुवावेत.

*डोळा बाहेर येणे.* एकच असेल तर मागे गळू, आणि त्याच्यामागे बहुतेकदा वरच्या दाढेचं मूळ. सशाचा पू पातळ नसतो, श्रीखंडाच्या चक्क्यासारखा घट्ट असतो, सुईने ओढून निघत नाही. “टोचून काढू” म्हणणाऱ्यांना हे सांगायला लाजू नका. दोन्ही डोळे बाहेर येत असतील तर छातीचा एक्स-रे मागा; छातीतल्या गाठीमुळे डोक्यातलं रक्त परतायला अडतं.

*काचबिंदू आणि मोतीबिंदू.* आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पांढऱ्या न्यूझीलंड जातीत काचबिंदू वारशाने येऊ शकतो, तोही तीन-सहा महिन्यांच्या वयात. डोळा मोठा, निळसर दिसतो. मोतीबिंदूने दुखत नसेल तर पुष्कळदा तसाच ठेवतात.

*बुबुळावर चढणारं कातडं.* पापणीच्या आतली त्वचा गोल पडद्यासारखी बुबुळावर सरकत येते. माणसाच्या वडसासारखं दिसतं, पण बुबुळाला चिकटलेलं नसतं. दुखत नाही, दिसायला अडथळा होतो. नुसतं कापलं तर पुन्हा येतं, म्हणून कापून टाके घालायची पद्धत येणारे डॉक्टर हवेत.

ब्रिटन-युरोपात राहणाऱ्यांसाठी एक ओळ: पापण्या सुजून पुवाने बंद झाल्या तर तिकडे मिक्सोमॅटोसिस हा पहिला संशय. त्याची लस मिळते, ती चुकवू नका.

पोटात द्यायच्या अँटिबायोटिकबद्दल वेगळं सांगायलाच हवं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जुलाबाने दगावतो. पेनिसिलिन जाणकार डॉक्टर इंजेक्शनने देतात, ते चालतं. तेच औषध तोंडातून नाही. चिठ्ठीवर ‘अमॉक्सी’ दिसलं तर केमिस्टकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे परत वळा.

९. थेंब घालण्याची कला

पहिल्या दिवशी मी, नवरा आणि मुलगा, तिघांनी मिळून एक थेंब घातला आणि तोही चिकूच्या कानावर. आता एकटी घालते.

टॉवेल जमिनीवर पसरा, ससा मध्ये ठेवा, आधी एक बाजू अंगावरून घट्ट, मग दुसरी. फक्त डोकं बाहेर, पोळीच्या रोलसारखं. टेबलावर नको, उडी मारतो. गुडघे टेकून त्याच्या मागे बसा, म्हणजे तो तुमच्यात पाठ लावून बसेल आणि मागे सरकायला जागा राहणार नाही. बाटली समोरून नाही, वरून-मागून आणा. वरची पापणी अंगठ्याने किंचित वर, एक थेंब, सोडा. बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं. लगेच कोथिंबिरीची काडी द्या. चौथ्या दिवसापासून चिकू टॉवेल दिसला की कोथिंबिरीसाठी स्वतः येऊन बसू लागला.

सशाला उताणं करून थेंब घालणारे व्हिडिओ दिसतात. ससा त्यात गप्प पडतो तो शांत झाला म्हणून नाही, भीतीने.

मलम लवेला लागतं आणि तो ते चाटतो, म्हणून पर्याय असेल तर थेंबच मागा. गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर शक्यतो नको. ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, त्या त्याला लागतातच, आणि कॉलरने ते बंद होतं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा, महिन्याने टाकून द्या.

१०. भूल किंवा शस्त्रक्रिया ठरली तर

घरून निघेपर्यंत गवत समोर हवं. आदल्या दिवशीचं वजन कळवा. शुद्धीवर आल्यावर ऊब, दुखण्याचं औषध, आणि चार-सहा तासांत खाणं सुरू झालं नाही तर पेलेट (सशाचं दाणेदार खाद्य) कोमट पाण्यात भिजवून केलेली पातळ पेज सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडी थोडी. डोळा काढावा लागणार असेल तर डॉक्टरांना विचारा की सशाची ही शस्त्रक्रिया आधी केली आहे का. सशाच्या डोळ्यामागे रक्तवाहिन्यांचं मोठं जाळं असतं, रक्तस्राव पटकन होतो. हा प्रश्न विचारल्यावर चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

११. पिंजरा आणि ताट

खाण्यात मोठा वाटा गवताचाच, ते चोवीस तास समोर. टिमोथी नावाचं वाळलेलं गवत परवडत असेल तर ते, नाहीतर हरळी, ओटाचं वाळलेलं गवत. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. गवत द्यायच्या आधी गच्चीवर झटकून घ्या आणि टोपलीत खाली ठेवा. डोळ्याच्या उंचीला लटकवलेल्या जाळीतल्या काड्याच डोळ्यात जातात. भुशाऐवजी वर्तमानपत्र आणि त्यावर गवत. लघवीचा कोपरा रोज साफ. पिंजऱ्यात स्वतःचं नाक घालून बघा. तुम्हाला झोंबलं तर तो दिवसभर त्यातच आहे.

पोळी, पाव, बिस्किटं बंद केल्यावर चिकूने दोन दिवस रुसवा धरला. तिसऱ्या दिवशी हरळी खाल्ली. लांब केसांच्या सशांचे डोळ्यांवर येणारे केस बोथट कात्रीने छाटत जा, आणि चपट्या तोंडाच्या किंवा लोंबत्या कानांच्या जाती घ्यायच्या विचारात असाल तर दातांचा खर्च धरून चाला.

एका डोळ्याने अधू झालेला ससा महिन्याभरात घर पाठ करतो. सोफा हलवू नका, पाण्याचं भांडं त्याच जागी ठेवा, आणि जवळ जाताना दिसणाऱ्या बाजूने, आधी आवाज देऊन जा. चिकूचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, नळी मात्र अजूनही अधूनमधून तुंबते. वहीत शेवटची नोंद गेल्या रविवारची: वजन १ किलो ७४० ग्रॅम, उजवा डोळा कोरडा, हरळी संपवली.